गेंड्यांच्या गावात एक माणूस

स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असे संपादक मंडळाचे पत्र आले तेव्हा आमच्या तुकडीतील बहुतेकांना वाटले की वसतिगृहातील दिवसांच्या आठवणी लिहाव्यात. पहाटेची घंटा, थंड पाण्याची आंघोळ, वंदनेची रांग, गुरुजनांचे ऋण हे सारे लिहिण्याजोगे आहेच, आणि या अंकात ते इतरांनी अधिक चांगले लिहिले असेल. आम्ही मात्र एका नाटकाविषयी लिहावयाचे ठरविले. ते फ्रेंच भाषेतील आहे, त्याचा लेखक रुमानियात जन्मलेला आहे, आणि त्यात माणसांचे गेंडे होतात. सोलापूरच्या एका बौद्ध निवासी शाळेशी त्याचा काय संबंध, असा प्रश्न वाचकांना पडणे स्वाभाविक आहे. आम्हालाही तो पडला होता. परंतु आमच्यापैकी काहींनी हे नाटक इंग्रजी अनुवादातून वाचले आणि त्यानंतर आम्हाला वसतिगृहातील एक जुनी गोष्ट विसरता येईना. म्हणून हा लेख.

युजीन आयनेस्को याचे ‘गेंडा’ हे नाटक 1959 साली प्रथम जर्मनीत रंगभूमीवर आले आणि 1960 च्या जानेवारीत पॅरिसमध्ये त्याचा प्रयोग झाला. असंगत नाट्य या नावाने जो प्रकार ओळखला जातो त्यातील हे एक प्रमुख नाटक. त्याची गोष्ट थोडक्यात अशी. एका लहानशा गावात रविवारी दुपारी चौकातल्या उपाहारगृहाबाहेर लोक बसलेले असतात. अचानक एक गेंडा रस्त्यावरून धूळ उडवीत धावत जातो. लोक क्षणभर दचकतात आणि पुन्हा आपापल्या गप्पांकडे वळतात. थोड्या वेळाने गेंडा पुन्हा जातो आणि एका गृहिणीची मांजर त्याच्या पायाखाली चिरडली जाते. आता लोक खवळतात. पण वाद कशावर होतो? गेंड्याला शिंग एक होते की दोन, तो आशियातला होता की आफ्रिकेतला, यावर. शेजारी बसलेला एक तर्कपंडित शांतपणे सिद्ध करून दाखवितो की चार पाय असलेला कुत्रा म्हणजे मांजरच. मेलेली मांजर आणि रडणारी बाई बाजूला राहते आणि शिंगांची चर्चा रंगते. सार्वजनिक चर्चेचे हे चित्र आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही. एखाद्या वस्तीत काही विपरीत घडले की झालेल्या हानीपेक्षा ते कोणत्या गटाने केले, कोणत्या पक्षाचे होते, यावर आपणही तासन्‌तास बोलतो.

पुढे कळते की हे गेंडे बाहेरून आलेले नाहीत; गावातलीच माणसे गेंडे होऊ लागली आहेत. कचेरीतला एक कारकून गेंडा होतो आणि त्याची पत्नी त्याच्या पाठीवर बसून निघून जाते. नाटकाचा नायक बेरांजे हा काही थोर पुरुष नव्हे. तो दारू पितो, कामावर उशिरा जातो, त्याचे कपडे चुरगळलेले असतात. त्याचा मित्र झाँ हा नीटनेटका, शिस्तीचा, दुसऱ्याला उपदेश करणारा. आणि नेमका तोच आपल्या खोलीत, बेरांजेच्या डोळ्यांदेखत, गेंडा होतो. त्याचा आवाज घोगरा होतो, कातडी हिरवट व जाड होत जाते, कपाळावर टेंगूळ वाढत जाते, आणि या सर्व वेळी तो आपले म्हणणे कसे योग्य आहे हेच सांगत असतो.

नाटकाचा गाभा आम्हाला येथे दिसतो. प्रत्येकजण गेंडा होतो तो वेगळ्या कारणाने, आणि प्रत्येकाचे कारण ऐकताना पटण्यासारखे असते. बेरांजेचा सुशिक्षित सहकारी द्युदार म्हणतो की आपले वरिष्ठ आणि सोबती तिकडे गेले, त्यांना सोडणे कर्तव्याला धरून होणार नाही. बेरांजेची प्रेयसी डेझी हिला अखेरीस त्या कळपाचे हंबरणे गाण्यासारखे वाटू लागते. ते प्राणी तिला देवांसारखे भासतात. तर्कपंडिताचे काय झाले, हे गेंड्याच्या शिंगात अडकलेल्या त्याच्या टोपीवरून कळते. आणि बोतार? हा निवृत्त शाळामास्तर आहे. धर्माला नावे ठेवणारा, कशावर विश्वास न ठेवणारा, गेंडा प्रत्यक्ष पाहिलेल्यांनाही भ्रम झाला आहे असे बजावणारा. तोही काळाबरोबर चालले पाहिजे, असे सांगून कळपात जातो.

बोतारपाशी आम्ही बराच वेळ थबकलो. आपण बौद्ध माणसे स्वतःला बुद्धिवादी म्हणवितो. इतरांच्या नवसायासांना हसतो. अंधश्रद्धेवर भाषणे देतो. ते योग्यही आहे. परंतु हे नाटक सांगते की धर्माला हसता येणे ही कळपापासून वाचण्याची हमी नव्हे. कळपाला देव लागतोच असे नाही. त्याला केवळ एवढेच लागते की माणसाने स्वतःशी बोलणे थांबवावे.

आयनेस्कोने हे कल्पनेतून आणलेले नाही. 1909 साली जन्मलेला हा लेखक 1930 नंतरच्या दशकात बुखारेस्टमध्ये तरुण होता. 1927 साली स्थापन झालेली एक संघटना त्या काळी रुमानियात फोफावत होती. तिने देवदूत मायकेलचे नाव घेतले होते. तिच्या सभांत प्रार्थना होत, मिरवणुकांत धर्मचिन्हे असत आणि मनात ज्यूंविषयी द्वेष भरलेला असे. अशिक्षित माणसेच तिच्याकडे गेली असती तर आयनेस्कोला एवढा धक्का बसला नसता. परंतु विद्यार्थी गेले, प्राध्यापक गेले, काल रात्रीपर्यंत आपल्याशी वाद घालणारे मित्र गेले. एखाद्या मित्राच्या बोलण्यात आज एक वाक्य त्यांच्या बाजूचे यावे, उद्या दोन यावीत, आणि महिन्याभरात तो ओळखू येऊ नये, असे त्याने पाहिले. धर्माचे नाव आणि कळपाचे बळ एकत्र आले की काय होते, हे त्याला पुस्तकातून शिकावे लागले नाही.

मराठी रंगभूमीला हा विषय नवा नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी 1855 सालीच ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. त्यात जोशी एका कुणबी जोडप्याला ग्रहांची भीती घालून लुबाडतो, आणि विदूषक मध्ये मध्ये बोलून जे कोणी बोलत नाही ते उघड करतो. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाटक नाकारले आणि ते छापून यावयास शंभरांहून अधिक वर्षे लागली. ज्या नाटकाच्या शेवटी पतिपत्नी शाळेकडे वळतात ते नाटक एवढा काळ बासनात पडून राहावे, हे बोलके आहे. पुढे 1974 साली सतीश आळेकर यांचे ‘महानिर्वाण’ पुण्यात रंगभूमीवर आले. त्यात मेलेले भाऊराव स्वतःच कीर्तन करतात, आपले दहन जुन्याच स्मशानात व्हावे म्हणून अडून बसतात, आणि चाळीतले शेजारी शोक न करता रीत पार पाडीत राहतात. जोतीरावांनी रूढीमागचा फसविणारा दाखविला. आळेकरांनी दाखविले की फसविणारा कोणी नसला तरी रूढी आपोआप चालत राहते. आयनेस्को त्यापुढचा प्रश्न विचारतो. रूढी नवी असेल, आपणच निवडलेली असेल, तर?

हाच प्रश्न आमच्यापर्यंत येऊन पोहोचतो. तो टाळून हा लेख लिहिता आला नसता. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला लाखो माणसांनी एकाच वेळी धम्म स्वीकारला. नाटक वाचून एखादा चिकित्सक विचारू शकेल की लाखो माणसे एका दिवशी एकच गोष्ट करतात, तेव्हा तो कळप नव्हे काय? या प्रश्नाने रागावण्याचे कारण नाही. त्याला उत्तर आहे, आणि ते आपल्या मुलांना देता आले पाहिजे.

पहिली गोष्ट म्हणजे वेळ. येवल्याला 13 ऑक्टोबर 1935 रोजी बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली. तेथपासून नागपूरपर्यंत एकवीस वर्षे गेली. कळप एकवीस वर्षे विचार करीत नाही. 31 मे 1936 रोजी मुंबईच्या परिषदेत ‘मुक्ती कोन पथे?’ हे भाषण करताना बाबासाहेबांनी धर्मांतराच्या बाजूची व विरुद्ध बाजूची मते श्रोत्यांपुढे तपशीलवार मांडली, आक्षेपांना एकेक करून उत्तर दिले, आणि शेवटी बुद्धाने आनंदाला केलेल्या उपदेशाची आठवण देऊन निर्णय ऐकणाऱ्यांच्या विवेकावर सोपविला. दुसरी गोष्ट म्हणजे विचारणा. नागपूरला स्वतः दीक्षा घेतल्यानंतर त्यांनी जमलेल्या लोकांना, ज्यांना धम्म स्वीकारावयाचा असेल त्यांनी उभे राहावे, असे सांगितले. तिसरी गोष्ट म्हणजे भाषा. बावीस प्रतिज्ञा प्रथमपुरुषी एकवचनात आहेत. लाखो कंठांतून त्या एकदम उमटल्या, तरी प्रत्येकाने उच्चारला तो शब्द ‘मी’ हा होता. आणि चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ही माणसे कळपात शिरत नव्हती. हजारो वर्षे ज्या रचनेने त्यांना तळाशी दडपून ठेवले होते तिच्यातून ती बाहेर पडत होती. त्यासाठी गावकी, बलुते, नातीगोती, देव्हाऱ्यातले देव यांची किंमत त्यांनी मोजली.

आपल्या सोलापूरने ती किंमत फार आधीपासून मोजावयास सुरुवात केली होती. बहिष्कृत हितकारिणी सभा 1924 साली स्थापन झाली आणि तिचे वसतिगृह 4 जानेवारी 1925 रोजी सोलापुरात उघडले. नगरपालिका त्याला दरमहा चाळीस रुपये अनुदान देई. त्या मुलांनी ‘सरस्वती विलास’ नावाचे मासिक चालविले होते. ज्यांना पाटीवर अक्षर काढण्याचा अधिकार कोणी देत नव्हता त्यांनी मासिक काढावे, ही गोष्ट आम्हाला कोणत्याही इमारतीच्या पायाभरणीपेक्षा मोठी वाटते. निवासी शिक्षणाची जी परंपरा आपण आज मिरवितो तिचे मूळ त्या मुलांच्या हातातल्या दौतीत आहे.

परंतु हे उत्तर आपल्या आजोबांच्या पिढीचे आहे. ते आपले आपोआप होत नाही. त्यांनी धम्म निवडला. आम्हाला तो जन्माने मिळाला. त्यांनी प्रतिज्ञा उच्चारल्या तेव्हा प्रत्येक वाक्यामागे घरातला एकेक देव बाहेर ठेवला जात होता. आम्ही त्या म्हटल्या तेव्हा घंटा झाली होती आणि पुढे न्याहारी होती. म्हणून जुनी गोष्ट येथे सांगितली पाहिजे.

आम्ही आठवीत असताना सत्राच्या मध्यावर एक मुलगा वसतिगृहात दाखल झाला. लहानशा गावातून आला होता, फार बोलत नसे. त्याचे वडील लग्नाकार्यात हलगी वाजवितात, हे आठवड्याभरात कोणाला तरी कळले आणि मग सर्वांना कळले. तो मातंग होता. त्या दिवसापासून जेवणाच्या पंगतीत त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक जागा मोकळी राहू लागली. असे करा, असे आम्हाला कोणी सांगितले नव्हते. गुरुजनांनी सांगितले नव्हते, आईवडिलांनी सांगितले नव्हते. आपसांतही त्यावर शब्द निघाला नाही. पहाटे त्याच्याच शेजारी बसून आम्ही त्रिशरण आणि पंचशील म्हटले होते, जन्मावरून कोणी उच्च-नीच नसते हे पाठ केले होते, आणि दुपारी थाळी हातात घेऊन आम्ही एक जागा सोडून बसत होतो.

आज आम्ही एकमेकांना विचारले की आपण तसे का वागलो? एकजण म्हणाला की सगळेच तसे बसत होते. दुसरा म्हणाला की तो मुलगाच तुटक वागे. तिसरा म्हणाला की आपण त्याच्याजवळ बसलो असतो तर आपल्यालाही चिडविले असते, ही भीती होती. चौथा म्हणाला की त्याला काही आठवत नाही. नाटकातील पात्रांची कारणे यांहून फार वेगळी नव्हती. शिंगे कोणाला बाहेरून बसविलेली नसतात. ती आतून येतात आणि येताना दुखतही नाहीत.

आमच्यापेक्षा खालच्या वर्गातला, अंगाने किरकोळ असा एक मुलगा होता. अभ्यासात यथातथाच. एके दिवशी तो आपली थाळी घेऊन त्या मोकळ्या जागी जाऊन बसला. आम्ही हसलो. दुसऱ्या दिवशीही तो तेथेच बसला. तिसऱ्या दिवशी आणखी एकजण बसला. पण तोवर दिवाळीची सुट्टी आली. सुट्टीनंतर घंटा झाली, पंगत बसली, आणि तो नवा मुलगा आला नाही. पुढेही आला नाही. त्याला शाळा सोडावी लागली ती आमच्यामुळेच, असे आम्ही ठामपणे म्हणू शकत नाही. आमच्यामुळे नाही, असेही म्हणू शकत नाही. एवढ्या वर्षांनी या पानावर आम्ही त्याची क्षमा मागतो. ज्या संस्थेने आम्हाला घडविले तिला यात दोष नाही. दोष आमचा आहे, आणि तो ‘आम्ही’ या शब्दाचाच आहे. आमच्यापैकी कोणीही एकटा असता तर कदाचित तसा वागला नसता.

आता नाटकाच्या शेवटाकडे वळू. बेरांजे एकटा उरतो. आरशात पाहतो तेव्हा त्याला आपलाच चेहरा कुरूप वाटतो, आपली मऊ कातडी नकोशी होते. तो हंबरण्याचाही प्रयत्न करून पाहतो, पण ते त्याला जमत नाही. आणि मग तो ठरवितो की आपण माणूसच राहणार. हा शेवट मोठा आहे, पण आम्हाला तो अपुरा वाटतो. सर्वांपासून तुटलेला एक माणूस, बंद खोली आणि भोवती गेंडे, याहून दुसरा मार्गच नसेल तर फार थोडी माणसे त्या मार्गाने जातील.

येथे आपल्या परंपरेतील एक गोष्ट आठवते. सुत्तनिपाताच्या उरगवग्गात ‘खग्गविसाण सुत्त’ नावाचे एक प्राचीन सुत्त आहे. खग्गविसाण म्हणजे गेंड्याचे शिंग. आपल्या देशातील गेंड्याला शिंग एकच असते; म्हणून त्या शिंगासारखे एकट्याने चालावे, असा उपदेश त्या सुत्तात पुन्हा पुन्हा येतो. आयनेस्कोने ज्या प्राण्याला कळपाचे प्रतीक केले त्यालाच बुद्धाच्या परंपरेने एकट्याने चालण्याच्या धैर्याचे प्रतीक केले होते. परंतु त्याच सुत्तात असेही सांगितले आहे की शहाणा, सदाचारी, सावध सोबती मिळाला तर आनंदाने त्याच्यासोबत जावे. एकटेपण हे धम्माचे ध्येय नव्हे. जेथे विचार करणारा सोबती नाही तेथे एकटे चालण्याची तयारी असावी, आणि जेथे आहे तेथे त्याच्याबरोबर चालावे. संघ आणि कळप यांत आम्हाला दिसणारा फरक हाच. संघात प्रत्येकजण आपल्या पायांनी चालतो. कळपात पाय सर्वांचे असतात, पण वाट कोणाचीच नसते. केसपुत्त गावच्या कालामांना बुद्धाने सांगितले की परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, किंवा सांगणारा गुरू आदरणीय आहे म्हणून काही मानू नका. हे सांगणारा गुरू स्वतःलाही त्यातून वगळत नाही. असे असूनही आपण त्याच्या नावाने कळप करू लागलो, तर तो दोष धम्माचा कसा म्हणावा?

आणि आपण तो करीत आहोत, हे कबूल करावयास हवे. जयंतीच्या मिरवणुकीत डॉल्बीच्या भिंती उभ्या राहतात, वर्गणी सक्तीची होते, आणि आवाज कमी करा म्हणणाऱ्याला तो बाबासाहेबांचा विरोधक असल्यासारखे पाहिले जाते. विवाह जुळविताना पोटजात हळूच विचारली जाते. एखाद्या तरुणाने आपल्याच नेत्याच्या भूमिकेवर प्रश्न केला की त्याला बाहेरचा ठरविले जाते. या प्रत्येक प्रसंगी गावातून एक गेंडा धावत गेलेला असतो आणि आपण शिंगे मोजीत बसलेले असतो.

म्हणून संस्थेपुढे आम्ही नम्रपणे दोन सूचना ठेवतो. पहिली अशी की पुढील स्नेहसंमेलनात हे नाटक मुलांना करू द्यावे. त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. गेंडे रंगमंचावर फारसे दिसावेच लागत नाहीत. पडद्यामागून पायांचे आवाज आणि पुठ्ठ्याचे मुखवटे एवढ्याने भागते. फ्रेंच गावाचे सोलापूर करावे, उपाहारगृहाच्या जागी चहाची टपरी यावी, आणि तर्कपंडित कोणाच्या बोलीत बोलेल हे मुलांनीच ठरवावे. मिलिंद महाविद्यालयात म. भि. चिटणीस यांचे ‘युगयात्रा’ झाले आणि ते बाबासाहेबांनी पाहिले, हे आपल्याला ठाऊक आहे. नाटकाला आपल्या चळवळीत करमणुकीपलीकडचे स्थान होते. ते परत द्यावे. जो खर्च येईल तो आमची तुकडी उचलेल.

दुसरी सूचना याहून अवघड आहे. महिन्यातून एकदा बावीस प्रतिज्ञांपैकी एक प्रतिज्ञा मुलांपुढे ठेवावी आणि तिच्यावर त्यांना बोलू द्यावे. ही प्रतिज्ञा आपल्या आजोबांनी का घेतली, आज आपल्या घरात, गल्लीत, खोलीत ती कोठे मोडते, हे त्यांनी सांगावे. एखाद्या मुलाने आपल्याला पटले नाही असे म्हटले तर त्याला खाली बसवू नये. त्याचे ऐकून घ्यावे आणि उत्तर द्यावे, उत्तर नसेल तर शोधावे. पाठांतर बंद करावे, असे आमचे म्हणणे नाही. पाठ असलेले शब्द संकटाच्या वेळी आधार देतात. पण त्या शब्दांतला ‘मी’ खरोखर कोणी तरी उच्चारत आहे ना, हे पाहिले पाहिजे.

आमच्यापैकी काहीजण आज शिक्षक आहेत, काही कचेऱ्यांत आहेत, काही यंत्रमागाच्या कारखान्यात. आमचीही मुले आता वसतिगृहांत राहण्याच्या वयाची झाली आहेत. निकालपत्रावर त्यांचा क्रमांक कितवा आहे, हे आम्ही विचारतोच. अलीकडे मात्र ती सुट्टीत घरी आली की आणखी एक प्रश्न विचारतो. तुमच्या पंगतीत कोणाच्या शेजारची जागा मोकळी असते का? असेल, तर उद्या थाळी घेऊन तेथे जाऊन बस, एवढेच आम्ही त्यांना सांगतो. आम्हाला ते जमले नव्हते. एका किरकोळ अंगाच्या मुलाला जमले होते.